आप्पांचा राहून गेलेला प्रश्न

लिंगराज मिटकरींना परभणीच्या कोर्टात कुणी मिटकरी म्हणत नसे. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांचे ते आप्पा. अर्धं आयुष्य सरकारी वकील, आणि सरकारी वकिलांतही पाण्याचे. कालव्याची पाळी, पाझर तलावाखाली गेलेली विहीर, एकाच्या बांधातून दुसऱ्याला हवा असलेला पाट, अशा कुठल्याही कज्ज्यात कुणी सरकारला कोर्टात खेचलं की फाइल आप्पांच्या टेबलावर यायची. मी बन्सीधर, त्यांच्या शेजारच्या टेबलाचा. माझं काम भाडेकरू आणि घरमालकांचं. वडील कापडाचे व्यापारी, त्यामुळे पाणी म्हणजे नळाला येतं ते, एवढीच माझी अक्कल. पण आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली होती आणि चहा एकाच किटलीतून यायचा, म्हणून हे लिहिण्याचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. ज्याला पटत नसेल त्यानं दावा लावावा.

आप्पा मूळचे गंगाखेडकडचे. नदीकाठी वडिलांचा छोटा मळा होता. शाळेतून आलं की दप्तर टाकून मळ्यात पाणी द्यायला जायचं, हे त्यांचं लहानपण. पुढं वकील झाले, गळ्यात पांढरी फीत आली, तिच्याखाली सदऱ्याच्या आत घरच्या लिंगायत रीतीप्रमाणे इष्टलिंग असायचंच. पण पायांना मातीची सवय राहिली. पाटबंधारे खात्याची कैफियत लिहिण्याआधी ते तो कालवा स्वतः चालून येत. अधिकाऱ्यांना ते आवडत नसे. साहेब, नकाशा दिलाय की, असं ते म्हणायचे. आप्पा म्हणायचे, नकाशात गाळ दिसत नाही. मग बूट हातात घेऊन निघायचे आणि दुसऱ्या दिवशी पँटीला चिखल घेऊन कोर्टात यायचे.

उलटतपासणीची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. साक्षीदार पिंजऱ्यात आला की आधी पिकाचं विचारायचं. सोयाबीनला शेंगा लागल्या का, हरभऱ्यावर अळी आहे का. माणूस सैल व्हायचा, गडी आपल्यातलाच आहे असं त्याला वाटायचं, आणि मग आप्पा कामाचा प्रश्न असा सोडायचे की तो नको ते बोलून जायचा. नव्या पोरांना आम्ही सांगायचो, उलटतपासणी शिकायची तर आप्पांची बघा. त्यात डावपेच किती आणि जिव्हाळा किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मला वाटतं त्यांनाही आलं नाही.

कोरोनाच्या आदल्या वर्षी पेडगावकडच्या एका वाडीचा दावा चालला. वाडी कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या अगदी शेवटाला. अशा शेवटाच्या लोकांना सगळे टेलवाले म्हणतात. वरच्यांची रानं भिजून पाणी खाली येईपर्यंत पाळीच संपते, ही टेलवाल्यांची जुनी रड. त्या साली तर खात्यानं त्यांची पाळीच बंद केली. कारण काय, तर चारीच्या तोंडाशी लावलेलं लोखंडी दार कुणीतरी मोडलं होतं आणि खात्याचं म्हणणं, ते या लोकांनीच मोडलं. वाडीनं दावा लावला की दार आम्ही मोडलेलं नाही, आमचं पाणी आम्हाला द्या. पुढारी होते सटवाजी, तिथल्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. साठीकडं झुकलेला, सरळ, मोठ्यानं बोलणारा माणूस. सगळा मुकदमा एकाच मुद्द्यावर येऊन थांबला, दार कुणी मोडलं. न्याय मागायला येणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत असं आमचा कायदा म्हणतो. बाकीच्यांचे कसे असावेत याबद्दल तो फारसं बोलत नाही.

वाडीचा वकील होता पंकज. पोरगा हुशार आणि मनानं चांगला, पण वाढला परभणीच्या कॉलनीत, शिकला पुण्यात. न्यायाधीश रत्नागिरीकडचे, बदलून नुकतेच आलेले. त्यांच्याकडं शेताला पाणी वरूनच येतं. मी त्या दिवशी माझ्या प्रकरणाचा पुकारा व्हायची वाट बघत आप्पांच्या शेजारी बसलो होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

आप्पांनी रीतीप्रमाणे हरभरा विचारला. घाटे धरलेत, सटवाजींनी खुशीत सांगितलं. मग आप्पांनी विचारलं, ज्या दिवशी चारीचं दार मोडलं त्या दिवशी तुम्ही कुठं होता आणि काय करत होता?

"रानात होतो की," सटवाजी म्हणाले. "दारं मोडायलो होतो."

न्यायाधीश पुढं वाकले. काय मोडत होता, त्यांनी पुन्हा विचारलं.

"दारं, सायेब. सकाळधरनं मोडायलो होतो. मी दमलो की आमची कमल मोडायची. तिला लय चांगलं जमतंय ते."

किती मोडली, न्यायाधीशांनी विचारलं. सटवाजी हसले. आता ते कोण मोजतंय, सारं रान होईपर्यंत मोडावीच लागतात, असं त्यांनी सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मलाही वाटलं, काय बेडर माणूस आहे, सरकारचं नुकसान केलं ते केलं आणि वर बायकोलाही गोवतोय. न्यायाधीशांनी टंकलेखकाकडं वळून इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की वाद्यानं आपण व आपल्या पत्नीनं दारं मोडल्याचं मान्य केलं आहे. आप्पा उभेच होते. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता, हे मी शेजारून पाहिलं. त्यांनी एकदा पंकजकडं पाहिलं. पंकज मान खाली घालून कपाळ चोळत होता. मग आप्पा म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत, आणि खाली बसले. पंकजला फेरतपासणीचं विचारलं, त्यानं नाही म्हणून सांगितलं. जबानी सटवाजींना मराठीत वाचून दाखवली, मी दारं मोडली. बरोबर आहे, म्हणून त्यांनी सही केली. चुकीचं त्यांना त्यात काही दिसलंच नाही.

चहाला बसल्यावर मी आप्पांचं अभिनंदन केलं. म्हटलं, न खणता पाणी लागलं तुम्हाला. त्यांनी चहाला हात लावला नव्हता. म्हणाले, बन्सी, तुला दारं मोडणं म्हणजे काय ते माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. त्यांनी टेबलावरच बोटानं काढून दाखवलं. विहिरीचं पाणी दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, रानात येतं. रानाचे सारे, म्हणजे मातीच्या वरंब्यांनी आखलेले लांब वाफे, पाडलेले असतात. एका साऱ्याचं तोंड उघडं, बाकीच्यांची मातीनं बंद. त्या तोंडाला म्हणायचं दारं. एक सारा भरला की फावड्यानं ओली माती ओढायची, हे तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. हेच दारं मोडणं. पाणी देणारा माणूस दिवसभर दुसरं काहीच करत नाही. बायका करतात, पोरं करतात. आप्पांनी स्वतः पोरवयात सगळी वर्षं तेच केलं होतं.

मला कळायला जरा वेळ लागला. म्हणजे सटवाजी त्या दिवशी कालव्याकडं गेलेच नव्हते. ते आपल्या विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर हरभरा भिजवत होते, कारण कालव्याचं पाणी आलंच नव्हतं. ज्या वाक्यानं त्यांनी दावा जिंकायचा, त्याच वाक्यानं तो बुडाला. आणि त्या खोलीत हे कळणारे दोघंच होते, एक सटवाजी आणि एक आप्पा. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? कशाची दारं, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

आप्पांकडं उत्तर तयार होतं. मी सरकारचा वकील आहे, सटवाजींचा नाही. फेरतपासणी करून खुलासा घेणं पंकजचं काम होतं. त्याला भाषा येत नाही, त्याला मी काय करू? कायद्यानं शब्द न शब्द खरा. मी मान हलवली. आम्ही वकील एकमेकांच्या असल्या बोलण्यावर मान हलवतोच. पण मला त्यांचा राग आला होता. अजून येतो. दुसऱ्या कुणाचा आला असता तर इतका टिकला नसता.

दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं की वाद्यानं स्वतःच दारं मोडल्याची कबुली दिली आहे. खात्यातून आप्पांना अभिनंदनाचा फोन आला. तो त्यांनी लवकर आटोपता घेतला.

वाडीत ही बातमी पंकजच्या तोंडून गेली, आणि गेली ती अशी, की सटवाजींनी कोर्टात गेट मोडल्याचं कबूल केलं. दारं मोडणं म्हटलं असतं तर वाडीतलं शेंबडं पोरही हसलं असतं. पण निकाल इंग्रजीतला, पंकजची मराठी शहरातली, त्यात दाऱ्याचं गेट झालं. वाडीतून गेलेलं वाक्य वाडीत परत आलं तेव्हा ते कुणाच्या ओळखीचं राहिलं नव्हतं. लोकांनी धरलं, हा वरच्या रानवाल्यांना सामील झाला. नाहीतर न केलेली गोष्ट कोण कबूल करील? सटवाजी सांगत राहिले की मी असं काही बोललोच नाही, पण कागदावर सही त्यांचीच होती. संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्यांना काढलं. पंगतीत शेजारचा माणूस उठून दुसरीकडं बसायला लागला. कमलबाईंना हळदी-कुंकवाला कुणी बोलवेना. तिनंही मोडली म्हणे, असं बायका म्हणायच्या.

मधे कोर्टं बंद पडली. पुन्हा उघडली तेव्हा आम्ही सगळे तोंडाला फडकी बांधून बसायचो. अशाच एका दुपारी सटवाजी वकिलांच्या खोलीत आले. पंकजच्या टेबलापाशी थांबले नाहीत, सरळ आप्पांपुढं येऊन उभे राहिले. आप्पांनी बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

"तुमी माजा हरभरा इचारला होता," ते म्हणाले. "म्हनून तुमच्याकडं आलो. माजं बोलन्यात काय चुकलं तेवढं सांगा. मी खोटं बोललो न्हाई."

आप्पांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तुमचा शब्द बरोबर होता, साहेबांना तो कळला नाही, आमच्या लिहिण्यात चूक झाली. आमच्या, असं म्हणाले. मी तो शब्द ऐकला. माझी चूक म्हणायला एका शब्दाचंच अंतर होतं आणि ते त्यांनी ओलांडलं नाही. सटवाजी नीट ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. एवढीशी गोष्ट असेल तर सोपं आहे, असं त्यांना वाटलं असावं.

"मंग नीट लिव्हा की," ते म्हणाले.

ते गेल्यावर आप्पा कितीतरी वेळ टोपण काढलेलं पेन हातात धरून बसले. घरी गेल्यावर महेश्वरीवहिनींना त्यांनी सगळं सांगितलं. वहिनी संतांची वचनं म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या, बोलायला मवाळ. त्यांनी इतकंच विचारलं की मग इतके दिवस जेवण गोड कसं लागलं तुम्हाला. हे आप्पांनीच मला सांगितलं.

वाडीचं अपील जिल्हा न्यायालयात पडून होतं. आप्पांनी तिथं सरकारच्या वतीनं लेखी दिलं की मूळ साक्षीतल्या एका शब्दाचा अर्थ संशयास्पद आहे, साक्षीदाराला पुन्हा तपासायला आमची हरकत नाही. सरकारी वकील असं लिहून देत नसतो. खात्यातून पुन्हा फोन आला, आणि या वेळी आवाज वेगळा होता. जिंकलेला मुकदमा उकरून काढायची तुम्हाला काय गरज, असं एका साहेबानं विचारलं. आप्पांनी शांतपणे फोन ठेवला. पुढं त्यांची नेमणूक वाढवली गेली नाही, त्याचं मूळ इथंच. पण ते नंतर. तेव्हा अपिलात हुकूम झाला की सटवाजींची तेवढ्यापुरती साक्ष पुन्हा घ्यावी, आणि त्या दिवसांत आप्पा मला वयानं कमी झाल्यासारखे दिसायचे. मला म्हणायचे, बन्सी, मी तोच प्रश्न विचारणार, राहिलेला.

पेशीच्या दिवशी खालच्या कोर्टात आता बाई न्यायाधीश होत्या, नांदेडकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मला वाटलं, देव आज जागा आहे. सटवाजी धुतलेला सदरा घालून आले होते. मोठ्यानं बोलणारा तो माणूस कुठंच दिसत नव्हता. मागच्या बाकांवर वाडीतली बरीच माणसं येऊन बसली होती, पंचायत बसावी तशी. कमलबाई दाराजवळ पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

आप्पांनी हरभरा विचारला. बरा आहे, एवढंच उत्तर आलं. मग आप्पा अगदी सावकाश म्हणाले, तुम्ही मागं सांगितलं होतं की त्या दिवशी तुम्ही दारं मोडत होता. ती कशाची दारं, ते कोर्टाला सांगा.

"मी दारं मोडलं न्हाई," सटवाजी म्हणाले.

आप्पांना वाटलं, घाबरलेत. त्यांनी वाट मोकळी करून दिली. रानात, हरभऱ्याला पाणी देताना, साऱ्याची दारं. सटवाजींनी कठडा घट्ट धरला होता.

"न्हाई सायेब. मी कंदीच कुठलं दारं मोडलं न्हाई. माज्या घरात कुनीबी न्हाई."

आप्पांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. पंकजनंही आपल्या परीनं विचारून पाहिलं. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं आणि स्वतःच विचारलं, बाबा, शेती करता आणि कधी दारं मोडलं नाही? सटवाजींनी मागं बसलेल्या माणसांकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्या एका शब्दानं त्यांचं पाणी गेलं होतं, मान गेला होता, आणि आता कोर्ट तोच शब्द पुन्हा मागत होतं. मी असतो तरी दिला नसता. समजावलेलं होतं, पटलेलंही होतं, पण तो शब्द पुन्हा कागदावर कसा उतरेल याचा भरवसा नव्हता, आणि वाडीत राहायचं तर त्यांना होतं. नंतर कळलं, आदल्या दिवशी कमलबाईंनी त्यांना गळ्याची शपथ घातली होती की ते अक्षर तोंडातून काढायचं नाही.

शेवटी आप्पा स्वतः बोलले. या भागात दारं मोडणं म्हणजे काय ते त्यांनी कोर्टाला समजावून सांगितलं, मी स्वतः लहानपणी हेच केलंय असंही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, मला अर्थ माहीत आहे आप्पा, पण वकिलाचं बोलणं पुरावा होत नाही. हे तुम्ही तेव्हा विचारायला हवं होतं.

दोन जबान्या, दोन तऱ्हा. साक्षीदार विश्वासार्ह नाही, असं म्हणून अपीलही गेलं. आधी ते कबुली दिलेले गुन्हेगार होते, आता वर खोटारडेही झाले. त्या कोर्टात ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ते खोटं बोलायची पाळी त्यांच्यावर आप्पांच्या गप्प बसण्यानं आणली होती. हे मी आप्पांना कधी बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

आप्पांचं सरकारी काम सुटल्यावर पुढच्या हिवाळ्यात ते एक दिवस म्हणाले, गाडी काढ, पेडगावकडं जाऊन येऊ. सटवाजी रानातच होते, विहिरीची मोटार चालू होती, हरभऱ्याला पाणी चाललं होतं. आम्हाला पाहून ते चकित झाले, पण रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कमलबाईंनी आंब्याखाली घोंगडं टाकलं, चहा ठेवला. आप्पा घोंगड्यावर बसलेच नाहीत. त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सटवाजींच्या हातातलं फावडं मागून घेतलं. नको साहेब, असं सटवाजी म्हणत राहिले. आप्पा दांडाच्या चिखलात उतरले, पाय रोवून उभे राहिले, आणि फावड्याच्या एका ओढीत त्यांनी असं तोंड बांधलं की सटवाजी बघतच राहिले.

दोन-चार सारे असे झाले. सटवाजी पुढं जाऊन पाणी कुठवर पोचलंय ते बघायचे आणि हात वर करायचे. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा मोकळा झाला होता. मला वाटलं, बरं झालं आलो. मग एकदा फावडं सटवाजींच्या हातात होतं आणि साऱ्याच्या टोकाला आप्पा उभे होते. पाणी काठोकाठ आलं. आप्पांनी लहानपणीच्या सवयीनं तिथूनच हाक दिली, "सटवाजी, भरलं. मोडा दारं."

सटवाजींनी आधी रस्त्याकडं पाहिलं. मग शेजारच्या रानाकडं, तिथं कुणी आहे का ते. मग माझ्याकडं. आंब्याखाली कमलबाई चहा गाळायच्या थांबल्या होत्या.

"आमी आता तसं म्हनत न्हाई, आप्पा," सटवाजी हळू आवाजात म्हणाले. "आमच्या घरात आता पानी फिरवा म्हनताव."

आप्पा चिखलातून चालत त्यांच्यापर्यंत गेले. चूक माझी होती सटवाजी, मला तेव्हाच कळलं होतं, असं म्हणाले. मला ते स्पष्ट ऐकू आलं. कोर्टात ज्यांना ऐकू जायला हवं होतं, त्यांच्यातलं तिथं कुणीच नव्हतं. सटवाजी साऱ्याकडं बघत होते. साऱ्याचा काठ फुटून पाणी बांधाकडं पळायला लागलं होतं.

"पानी वाया चाललंय, आप्पा," ते म्हणाले, आणि फावडं त्यांच्या हातात दिलं.